हरभऱ्याच्या रानातला हिशोब : घाटे अळी, तिचे वैरी आणि आपण



हरभरा फुलोऱ्यात आला आणि दोन दिवस आभाळ भरून राहिले, की एकच प्रश्न कानावर येतो : "साहेब, अळीवर कोणतं औषध मारू?" प्रश्न रास्त आहे. हातातोंडाशी आलेला घास कोण जाऊ देईल? पण त्याच्या अगोदर आणखी एक प्रश्न विचारायला हवा. आजवर ही अळी आटोक्यात कोण ठेवत होते?

पीक, किडे, पाखरे, माती, पाणी, ऊन आणि हवा यांचे एकमेकांशी जे देणे-घेणे चालते, त्याच्या अभ्यासाला परिसरशास्त्र म्हणतात. नाव मोठे असले तरी गोष्ट रोजच्या पाहण्यातली आहे. हरभऱ्याचे झाड ऊन, पाणी व मातीतील अन्नद्रव्ये यांपासून वाढते. झाड अळी खाते. अळीला पाखरू खाते. आणि मेलेले सर्व काही शेवटी मातीतच मिसळते. या साखळीची एक कडी ओढली, की बाकीच्या सगळ्या हलतात.

आता हरभऱ्याची आंब घ्या. पहाटे रानातून गेलात तर पाय आंबट ओले होतात, धोतरावर डाग पडतात. ही आंब म्हणजे झाडाने पानांवर सोडलेले आम्ल. त्यामुळे पुष्कळ किडी या पिकाच्या वाटेला जात नाहीत. हे झाडाचे स्वतःचे कुंपणच म्हणा. घाटे अळीने मात्र हे कुंपण ओलांडले आहे. उलट अंड्यांवर जगणारा ट्रायकोग्रामा हा मित्रकीटक या आंबेमुळे हरभऱ्यावर नीट टिकत नाही. म्हणून एका पिकात चाललेला उपाय दुसऱ्या पिकात चालेलच असे नाही.

घाटे अळीला आपण नावे तरी किती ठेवली आहेत! कपाशीवर ती हिरवी बोंडअळी, तुरीवर शेंगा पोखरणारी अळी, टोमॅटोवर फळ पोखरणारी अळी आणि हरभऱ्यावर घाटे अळी. कीड मात्र एकच. कपाशी संपत आली की तूर, तूर पिकली की हरभरा, असे तिचे ताट शिवारात मांडलेलेच असते. म्हणून शेजाऱ्याच्या रानातली अळी ही आपलीही अळी समजावी.

आता थोडा हिशोब करू. एक मादी पतंग शेकडो अंडी घालते. सोयीसाठी ५०० धरू. त्यांतून शेवटी दोनच पतंग जगले, तर अळीची संख्या पुढच्या पिढीत तेवढीच राहील. म्हणजे ५०० पैकी ४९८ मरायलाच हवेत. ते कोण मारते? कोळी व इतर शिकारी किडे अंडी आणि बारीक अळ्या खातात. कॅम्पोलेटिस नावाची बारीक गांधीलमाशी लहान अळीच्या अंगात अंडे घालते आणि तिचे पिल्लू अळीला आतून खाऊन टाकते. विषाणूचा रोग झालेल्या अळ्या शेंड्यावर उलट्या लटकून मरतात. साळुंकी, कोतवाल, गायबगळे मोठ्या अळ्या टिपतात. हे सगळे आपले बिनपगारी सालगडीच आहेत.

समजा, या गड्यांचे काम थोडे ढिले पडले आणि ४९८ ऐवजी ४९० च मेले. आठांचाच फरक. पण आता दोनाऐवजी दहा पतंग उडतील. पुढच्या पिढीत पन्नास. दोन पिढ्यांत पंचवीस पट!

सरसकट जहाल औषध फवारले की नेमके हेच होते. औषध मित्र आणि शत्रू ओळखत नाही. मित्रकीटक मरतात. अळ्या बऱ्याच मरतात, पण घाट्यात तोंड खुपसून बसलेल्या काही वाचतात. औषध पचवणाऱ्या ज्या उरतात, त्यांचीच पिलावळ पुढे वाढते. १९८७ च्या हंगामात आंध्र प्रदेशात कपाशीवर हेच घडले. हीच अळी सिंथेटिक पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईना. फवारण्या वाढल्या, कर्ज वाढले आणि पीक हातचे गेले.

आणि आपणही या साखळीबाहेर नाही. २०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात कपाशीवर फवारणी करताना विषबाधा होऊन शेतकरी व शेतमजूर दगावले. बाटलीला आपण औषध म्हणतो खरे, पण आत विष असते.

मग करावे काय?

१) उन्हाळ्यात खोल नांगरट करावी. मातीतील कोष उघडे पडतात, ते उन्हाने मरतात व बगळे वेचून खातात.

२) पेरताना हरभऱ्याच्या बियाण्यात मूठभर ज्वारी मिसळावी. तिच्या ताटांवर पाखरे बसतात. शिवाय एकरी सुमारे २० पक्षी थांबे लावावेत. दोन काठ्या इंग्रजी टी अक्षरासारख्या बांधल्या की थांबा तयार.

३) अधूनमधून कोथिंबिरीच्या ओळी घ्याव्यात. गांधीलमाशी मोठी झाल्यावर अळी खात नाही, तिला फुलातला मध लागतो.

४) एकरी २ कामगंध सापळे लावावेत. सलग ३ दिवस सापळ्यात ८ ते १० पतंग आले, किंवा मीटरभर ओळीत १ ते २ अळ्या दिसल्या, तरच फवारणीचा विचार करावा.

५) पहिली फवारणी ५ टक्के निंबोळी अर्काची करावी. ५ किलो निंबोळीचा चुरा रात्रभर पाण्यात भिजवून फडक्याने गाळावा, त्यात थोडे साबणाचे पाणी घालावे आणि एकूण १०० लिटर द्रावण करावे.

६) अळ्या बारीक असतानाच एचएएनपीव्ही हे विषाणूचे औषध बाटलीवरील मात्रेने फवारावे. उन्हाने विषाणू निकामी होतो, म्हणून फवारणी संध्याकाळीच करावी.

७) एवढ्याने भागले नाही तरच रासायनिक औषध घ्यावे. ते सहायक कृषी अधिकाऱ्यांना विचारून, एकच एक पुन्हापुन्हा न वापरता, तोंडाला मास्क व हातांत मोजे घालून आणि वाऱ्याच्या दिशेनेच फवारावे.

अळी समूळ नाहीशी करणे हे आपले काम नव्हे, ते होणारही नाही. थोड्या अळ्या रानात असल्या तरच त्यांच्यावर जगणारे आपले गडी रानात राहतात. नुकसान होणार नाही इतकीच अळी राहील, एवढे पाहावे. तेव्हा आठवड्यातून दोनदा सकाळी रानात फेरी मारा, दहा-बारा ठिकाणी मीटरभर ओळ नीट पाहा, अळ्या मोजा आणि पाखरेही मोजा. पंप त्यानंतरच खांद्याला लावायचा की नाही, ते ठरवा.