नोकरी लेकाची, धावपळ बाबांची

प्रतिनिधी

‘साहेब, आमच्या मुलाचं काय झालं?’ दहावीच्या निकालाच्या दिवशी शाळेच्या कार्यालयात हा प्रश्न विचारला गेला, तर कुणालाही त्यात वावगे वाटत नाही. मात्र हाच प्रश्न २३ वर्षांच्या अभियंत्याचे वडील कंपनीच्या मनुष्यबळ विभागाला दूरध्वनीवरून विचारू लागले, की ऐकणारा अधिकारी बुचकळ्यात पडतो. उत्तर द्यावे, तर उमेदवाराची खासगी माहिती तिसऱ्या व्यक्तीला दिल्यासारखे होते. न द्यावे, तर एका वडीलधाऱ्या माणसाचा अवमान केल्यासारखे वाटते.

पाल्याच्या डोक्यावर सतत घिरट्या घालणाऱ्या अशा पालकांना अमेरिकेत ‘हेलिकॉप्टर पालक’ म्हणतात. आई आपल्यावर हेलिकॉप्टरसारखी घिरट्या घालते, ही एका किशोरवयीन मुलाची तक्रार मानसशास्त्रज्ञ हाइम गिनॉट यांच्या १९६९ मधील पुस्तकात आढळते. पुढे १९९० मध्ये फॉस्टर क्लाइन आणि जिम फे यांनी हा शब्दप्रयोग रूढ केला. या घिरट्या कचेरीच्या दारापर्यंत पोहोचल्याचे मिशिगन राज्य विद्यापीठाच्या २००७ च्या पाहणीतून समोर आले. नोकरभरती करणाऱ्या ७२५ संस्थांपैकी सुमारे एक चतुर्थांश संस्थांनी भरतीत पालकांचा सहभाग दिसत असल्याचे सांगितले. पाल्याचा बायोडेटा पालकांनीच पाठवल्याचा अनुभव ३१ टक्के, तर पगाराची बोलणी पालकांनी केल्याचा अनुभव ९ टक्के संस्थांना आला होता. प्रत्यक्ष मुलाखतीला पालक हजर राहिल्याचे सांगणाऱ्या संस्था ४ टक्के होत्या.

गिरणीपासून हिंजवडीपर्यंत

आपल्याकडे मात्र मुलाच्या नोकरीत वडिलांनी लक्ष घालणे ही काही नवी गोष्ट नव्हे. मुंबईच्या कापडगिरण्यांत भरतीची सूत्रे जॉबरच्या हाती असत आणि गावचा, नात्यागोत्यातला माणूस पाहून कामगार घेतले जात. बापाने मुलाला खात्यात नेऊन उभे करायचे, मुकादमाच्या कानावर घालायचे, हा रिवाजच होता. पुढे सरकारी कचेऱ्या आणि बँकांच्या काळात ‘तुझ्या साहेबांना एकदा भेटून येतो’ हे वाक्य मध्यमवर्गीय घरांत ऐकू येई.

फरक पडला तो कामाच्या स्वरूपात. गिरणीतल्या बापाला साचा ठाऊक होता, पाळी ठाऊक होती आणि मुकादमाचा स्वभावही. आज हिंजवडीतील किंवा ऐरोलीतील संकुलात मुलगी रात्री अकरापर्यंत नेमके काय करते, याचा तिच्या आई-वडिलांना अंदाज येत नाही. ठाऊक नसलेल्या गोष्टीची काळजी अधिक वाटते आणि त्या काळजीतूनच कंपनीला दूरध्वनी जातो. शिक्षणासाठी कर्ज काढलेले असेल, तर या काळजीला हप्त्याची तारीखही जोडलेली असते.

गंमत अशी, की कंपन्यांनीही पालकांना दूर ठेवलेले नाही. पेप्सिकोच्या प्रमुख असताना इंद्रा नूयी आपल्या वरिष्ठ सहकाऱ्यांच्या आई-वडिलांना कौतुकाची पत्रे लिहीत. भारतात माहेरी आल्यावर लोक आपल्याऐवजी आईचे अभिनंदन करतात, हे पाहून त्यांना ही कल्पना सुचली होती. लिंक्डइनने २०१३ पासून आई-वडिलांना कार्यालयात घेऊन येण्याचा दिवस सुरू केला. म्हणजे पालकांनी येऊन काम पाहावे, हे कंपन्यांना चालते. त्यांनी कामात ढवळाढवळ करू नये, एवढीच अपेक्षा असते.

कायदा काय सांगतो?

भारतीय सज्ञानता कायदा, १८७५ नुसार १८ वर्षे पूर्ण झालेली व्यक्ती सज्ञान ठरते. नोकरीचा करार तिच्यात आणि कंपनीत होतो. पगार, मूल्यमापन, रजा किंवा राजीनामा याबाबत तिच्या संमतीशिवाय पालकांशी चर्चा करण्यास कंपनी बांधील नसते. वडिलांनी पाठवलेला राजीनामा हा मुलाचा राजीनामा ठरत नाही.

तथापि, कायद्याने दार पूर्णपणे बंदही केलेले नाही. कामाच्या ठिकाणी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्यात, पीडित महिला शारीरिक किंवा मानसिक असमर्थतेमुळे तक्रार करू शकत नसेल, तर नातेवाइकांना तिच्या वतीने तक्रार करण्याची मुभा आहे.

पालकांचा आवाज किती महत्त्वाचा ठरू शकतो, हे २०२४ मध्ये पुण्याने पाहिले. एका बड्या लेखापरीक्षण संस्थेत रुजू झालेल्या २६ वर्षांच्या सनदी लेखापाल तरुणीचा चार महिन्यांतच मृत्यू झाला. तिच्या आईने संस्थेच्या प्रमुखांना पत्र लिहून कामाच्या असह्य ओझ्याकडे बोट दाखवले. कामाच्या ताणामुळे मृत्यू झाल्याचे संस्थेने मान्य केले नाही. परंतु त्या पत्रानंतर केंद्रीय कामगार मंत्रालयाने या प्रकरणात लक्ष घातले आणि कामाच्या तासांवर देशभर चर्चा झडली. ते पत्र आले, तेव्हा लेक मात्र उरली नव्हती.

मर्यादा कुठे आखायची?

म्हणूनच प्रश्न पालकांनी लक्ष घालावे की नाही हा नसून, कुठे घालावे हा आहे. बायोडेटा वाचून चुका दाखवणे, घरी मुलाखतीचा सराव करून घेणे, नेमणूकपत्रातील नोटिशीच्या कालावधीसारख्या अटी समजावून देणे ही मदत झाली. साहेबांना परस्पर दूरध्वनी करणे, पगारवाढ मागणे किंवा सहकाऱ्याची तक्रार करणे हा हस्तक्षेप झाला. त्याने मुलाची बाजू बळकट होत नाही, उलट त्याच्या कुवतीविषयी शंका निर्माण होते.

मात्र मुलाची झोप उडाली असेल, जेवण तुटले असेल, तो सुट्टीच्या दिवशीही फोनच्या आवाजाने दचकत असेल, तर गप्प बसणे हाही शहाणपणा नव्हे. अशा वेळी पहिला प्रश्न कंपनीला नव्हे, मुलाला विचारायचा. ‘पगार किती वाढला?’ याऐवजी ‘तिथे तुला बरं वाटतं ना?’ असे विचारून पाहावे. ‘नोकरी सोडलीस तरी घर आहे’ एवढा दिलासा मिळाला, तर साहेबांशी काय बोलायचे ते मूल स्वतःच ठरवते.