व्हिशाचे पंचांग

सानपाड्यात आषाढाचा पाऊस कोसळत असताना दिवाळीच्या प्रवासाची गोष्ट कोणी काढली, तर घरात हसे होते. परंतु ज्यांची कन्या वा पुत्र जर्मनीत नोकरीस आहे, आणि दिवाळी तिकडे नातवंडांत घालवावी असे ज्यांच्या मनात आहे, त्यांनी ती गोष्ट आषाढातच काढलेली बरी. विमानाचे तिकीट पैसे मोजले की मिळते. व्हिसा, म्हणजे परक्या देशात पाऊल ठेवण्याचा परवाना, त्यास मात्र दिवस लागतात; आणि हे दिवस मोजण्यात भली भली शहाणी माणसे चुकतात.

जर्मनी हा शेंगेन करारातील देश आहे. लक्झेंबर्गमधील ज्या लहानशा गावी १९८५ साली या करारावर सह्या झाल्या, त्याचेच नाव करारास पडले; आज त्यात २९ देश आहेत. या देशांत पर्यटनास वा आप्तांच्या भेटीस जावयाचे, तर अर्ज प्रवासापूर्वी सहा महिन्यांपासून करता येतो आणि निदान १५ दिवस आधी दाखल करावा लागतो. निर्णयही सामान्यतः १५ दिवसांत व्हावयाचा; परंतु अधिक चौकशी करावीशी वाटल्यास ही मुदत ४५ दिवसांपर्यंत जाते. लोक पंधराचा आकडा ध्यानात ठेवतात आणि पंचेचाळिसाचा विसरतात.

श्रोतेहो, २०२५ सालचेच उदाहरण घेऊ. समजा, सानपाड्यातील एका दाम्पत्यास वसुबारसेला, १७ ऑक्टोबर रोजी, निघावयाचे होते. तेथून १५ दिवस मागे गेले की २ ऑक्टोबर येतो. त्या दिवशी गांधीजयंती आणि दसरा एकदमच आले होते. दुसरा दिवस शुक्रवार, ३ ऑक्टोबर. तो जर्मनीच्या एकीकरणाचा राष्ट्रीय दिन. पुढे शनिवार आणि रविवार. म्हणजे अर्जाचा अखेरचा दिवस चार दिवसांच्या कुलपाआड गेला! वकिलाती स्वदेशाच्या सुट्ट्या पाळतात आणि आपल्याकडील निवडक सुट्ट्याही पाळतात, हे आपल्या भिंतीवरील दिनदर्शिका सांगत नाही. प्रत्येक वकिलात वर्षाची यादी स्वतंत्रपणे प्रसिद्ध करते. ती आधी पाहावी.

आता ४५ दिवस मागे जाऊ. तारीख येते २ सप्टेंबर, आणि त्या वर्षी तो गौरीविसर्जनाचा दिवस होता. घरात पाहुणे, स्वयंपाकघरात गडबड. अशा वेळी बँकेचे उतारे आणि कन्येचे निमंत्रणपत्र कोण जुळवीत बसणार? तेव्हा २७ ऑगस्टला गणपती घरी येण्यापूर्वीच अर्ज देऊन मोकळे होणे, हाच त्या वर्षीचा खरा हिशोब होता. त्यासाठी भेटीची वेळ जुलैतच मागावयास हवी, कारण सुटीचा हंगाम सर्वांचा एकच असतो. दरसाल तिथी सरकतात. मोजण्याची रीत तीच.

अर्ज स्वीकारणारे केंद्र हे केवळ टपालवाले होय. ते कागद आणि बोटांचे ठसे घेते, निर्णय वकिलातीचा. म्हणून तेथील कारकुनाशी वाद घालण्यात हशील नाही. ठसे पूर्वी दिले असल्यास ते ५९ महिने चालतात. प्रथमच जाणाऱ्यास मात्र स्वतः हजर राहावे लागते. वृद्ध सासूबाईंना हार्बरच्या गाडीने न्यावयाचे असेल, तर गर्दीची वेळ टाळून भेट ठरवावी.

निर्णय होईतो पासपोर्ट बहुधा तिकडेच राहतो. मध्यंतरी दुबईस पुतणीचे लग्न असले, तर दोहोंपैकी एकाचा विचार आधीच करावा. पासपोर्ट गेल्या दहा वर्षांत दिलेला, परतीनंतर निदान तीन महिने चालणारा आणि दोन कोऱ्या पानांचा हवा; शिवाय ३०,००० युरोंचा वैद्यकीय विमा. मुदत सरत आली असेल, तर नव्या पासपोर्टाचे दिवस वरील हिशोबात आणखी मिळवावे लागतात, आणि मग जुलैसुद्धा उशिराचाच ठरतो.

प्रौढास लागणारे ९० युरोंचे शुल्क नकार आला तरी परत मिळत नाही. तिकिटाचे तसे होऊ देऊ नये. परवाना हाती येईपर्यंत नुसते आरक्षण ठेवावे. आणि पासपोर्ट परत आला की तेथल्या तेथे उघडून नावाची अक्षरे, प्रवेशाच्या तारखा आणि मुक्कामाचे दिवस ताडून पाहावेत. चूक आढळली, तर ती दुरुस्त होण्यासही कामाचेच दिवस लागतात.