३१ मार्चची मध्यरात्र आणि लेखानुदान

पर्लकोटेला पूर आला की भामरागडचा रस्ता तुटतो, हा या भागाचा वर्षानुवर्षांचा अनुभव. म्हणूनच पावसाळ्यापूर्वी चार महिन्यांचे धान्य आतल्या गावांना पोचवून ठेवण्याची रीत पडली. राज्याच्या तिजोरीपुढेही दरवर्षी असाच एक पूर उभा असतो. तो ३१ मार्चच्या मध्यरात्री येतो.

घटनेच्या २६६ व्या कलमानुसार कायद्याच्या संमतीवाचून एकत्रित निधीतून एक पैही काढता येत नाही, आणि ही संमती आर्थिक वर्षाबरोबर संपते. मार्चचा पगार निघतो एप्रिलात. तोवर नवा विनियोजन कायदा झाला नाही, तर आश्रमशाळेच्या शिक्षकाचे वेतन देयक कोषागारातच अडेल. अमेरिकेत असे खरोखर घडते. मंजुरीवाचून काम चालू ठेवणे बेकायदा, असे मत तेथील महान्यायवादी सिव्हिलेटी यांनी १९८० साली दिले. तेव्हापासून अंदाजपत्रकाचा वाद चिघळला, की अत्यावश्यक कामे सोडून कचेऱ्यांना कुलूप! २०२५ मध्ये ते १ ऑक्टोबरपासून ४३ दिवस टिकले.

आपल्याकडे कलम २०६ ने लेखानुदानाची सोय केली आहे. संपूर्ण अंदाजपत्रकावर विचार व्हायचा असला, तरी सभागृह काही महिन्यांपुरता खर्च आगाऊ मंजूर करते. चंद्रपूर जिल्ह्यातीलच सुधीर मुनगंटीवार यांनी २७ फेब्रुवारी २०१९ रोजी निवडणुकीपूर्वी अंतरिम अर्थसंकल्प मांडला. पुढचा जूनमध्ये आला. शिवाय खर्च मंजूर करून घेता न येणारे मंत्रिमंडळ आपल्याकडे टिकतच नाही. अमेरिकेचा अध्यक्ष मात्र टिकतो.

तथापि ही सोय आपोआप चालणारी नव्हे. तिला मतदान लागते. २०१६ च्या मार्चअखेर उत्तराखंडात राष्ट्रपती राजवट आली, विधानसभा निलंबित होती, संसदेचे अधिवेशनही चालू नव्हते. अखेर राष्ट्रपतींच्या अध्यादेशाने लेखानुदान द्यावे लागले.

मग मंजुरी लांबली तर जुनेच अंदाजपत्रक आपोआप पुढे चालावे, असा कायदा का नसावा? स्पेनच्या घटनेत (कलम १३४) तो आहे. परिणाम असा, की २०२३ चे अंदाजपत्रक तेथे २०२४ आणि २०२५ मध्येही चालले. पगार थांबला नाही हे खरे. पण सरकारला सभागृहापुढे जाण्याची घाईही उरली नाही. मला ही किंमत जड वाटते. जुन्या आकड्यांवर जुनी कचेरी चालते. भामरागडसारख्या तालुक्याला मात्र नवा पूल, नवे वसतिगृह, दवाखान्यातले नवे पद हवे असते, आणि ही नावे गतवर्षीच्या अंदाजपत्रकात नसतात.