सरडा ओळखावा बोटांवरून

माळावरचा एखादा दगड उलटला की खालून काहीतरी चकाकते आणि सळकन पळते. कोणी ओरडतो, "सापाचे पिल्लू!" तोवर दुसऱ्याने दगड उचललेला असतो. पळणारी ती बहुधा सापसुरळी असते. तिला चार पाय आहेत, हे पाहायला कोणी थांबत नाही.

छत्रपती संभाजीनगरच्या पूर्वेला शेंद्रा परिसरात औद्योगिक वसाहतीबाहेर थोडाफार खडकाळ माळ उरला आहे. तेथे, किंवा तुमच्या शाळेच्या कुंपणावरही, हे प्राणी कसे ओळखावेत ते पाहू. प्रथम एक गोष्ट लक्षात ठेवा : रंगावर विसंबू नका. आपला नेहमीचा सरडा एरवी मातकट असतो. विणीच्या काळात मात्र नराचे डोके व गळा लालभडक होतो. (यावरूनच तो रक्त शोषतो अशी समजूत पसरली. ती निव्वळ कल्पना होय.) रंग बदलतो, हाडांची ठेवण बदलत नाही. म्हणून डोळे, खवले आणि बोटे पाहावीत.

घरातल्या पालीला पापण्या नसतात. डोळ्यावरचा पारदर्शक पडदा ती जिभेने पुसते. सरडा, सापसुरळी व घोरपड यांच्या पापण्या मिटतात. सापाला पापण्याही नाहीत आणि बाहेरून दिसणारे कानाचे छिद्रही नाही. सापसुरळीला दोन्ही आहेत. तिचे खवले गुळगुळीत आणि कौलांसारखे एकावर एक बसलेले असतात, म्हणून ती चकाकते. सरड्याचे खवले खरखरीत, आणि मानेपासून पाठीवर काट्यांची रांग.

आता बोटे. पालीच्या बोटांखाली आडव्या पट्ट्या दिसतात, आणि येथे माझ्यासारख्या भौतिकशास्त्राच्या शिक्षकाला थांबावेच लागते. या पट्ट्यांवर अतिसूक्ष्म केस असतात. तोके नावाच्या मोठ्या पालीच्या एका पावलावर ते सुमारे पाच लाख भरतात. प्रत्येक केसाचे टोक पुन्हा शेकडो तंतूंत फुटलेले असते. तंतू भिंतीच्या इतके निकट जातात की रेणूरेणूंमधील क्षीण आकर्षण, म्हणजे व्हॅन डर वाल्स बल, कामी येते. एका तंतूचे बल नगण्य, पण सर्वांचे मिळून पालीचे वजन सहज पेलते. डिंक नाही, हवा शोषणे नाही. पाणी ओढणाऱ्या आणि पाणी झटकणाऱ्या अशा दोन्ही पृष्ठांवर पावले सारखीच चिकटतात, हे २००२ साली प्रयोगाने दाखवले गेले. घोरपडीची पकड वेगळी, ती नख्यांची. तानाजीच्या घोरपडीची कथा सर्वांना ठाऊक आहे. पण गुळगुळीत काचेवर घोरपड चढणार नाही, पाल चढेल.

मागच्या पायाची बोटेही मोजा. नेहमीच्या सरड्याला पाच असतात. उघड्या माळावरच्या, गळ्याला पंखा असलेल्या छोट्या सरड्याला चारच. उन्हाळ्यात त्याचा नर दगडावर उभा राहून तो पंखा उघडतो-मिटतो. साताऱ्याजवळच्या चाळकेवाडी पठारावरील या सरड्याचा पंखा निळा, काळा व नारिंगी असतो. २०१६ साली शास्त्रज्ञांनी अशा सरड्यांसाठी नवी प्रजाती मानली आणि तिला नाव दिले 'सरडा'. आपला मराठी शब्द आता जगभरच्या प्राणिशास्त्रात वापरला जातो!

पाल, सरडा, सापसुरळी यांपैकी एकालाही विषारी दात नाहीत. घोरपडीचा चावा जोराचा असतो, पण त्याने माणूस मरत नाही. तिच्या पिल्लांची दुभंगलेली जीभ पाहून लोक घाबरतात आणि मारतात. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यात घोरपड पहिल्या अनुसूचीत आहे. तिला मारणे किंवा पाळणे हा गुन्हा आहे.

तेव्हा पकडू नका, शेपटी तर मुळीच धरू नका. पाल व सापसुरळी ती तोडून पळतात. सकाळी ऊन चढू लागले की हे प्राणी अंग तापवायला दगडावर येतात. पाचसहा हात दूर बसावे आणि वहीत चार गोष्टी लिहाव्यात : वेळ, जागा, खवले, बोटे. रंग शेवटी लिहिला तरी चालेल.