साव पाउलोत उतरावे कोठे अन् जेवावे काय?



ब्राझीलचा अभ्यासदौरा करून मंडळी गावी परतली, की पारावर पहिला प्रश्न उसाचा निघत नाही. यंत्राने तोडणी कशी होते, खोडवे किती घेतात, हे सारे मागाहून. पहिला प्रश्न ठरलेला, "तिकडं खायला काय मिळतंय?" या प्रश्नाला आम्ही पूर्वी हसत होतो. आता हसत नाही. का, ते आधी सांगतो.

२०१८ सालच्या दौऱ्यात आमच्याबरोबर एक वयस्कर सभासद होते. सगळे त्यांना आबा म्हणत. गळ्यात तुळशीची माळ, वारी कधी चुकलेली नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रस्त्याकडेच्या एका खानावळीत भात आणि काळ्या घेवड्याची उसळ समोर आली. आबांनी विचारले, "साहेब, यात काही नाही ना?" आम्ही न चौकशी करता बोलून गेलो, "नुसता घेवडा आहे आबा, बिनघोर खा." चौथ्या घासाला त्यांच्या दाताखाली डुकराच्या मांसाचा तुकडा आला. ते उठले, बाहेर जाऊन चूळ भरली आणि कोणाला एक अक्षर बोलले नाहीत. पुढचे सहा दिवस ते केळी, पपई आणि कोरड्या पावावर राहिले.

परतीच्या विमानात आम्ही माफी मागितली. आबा म्हणाले, "तुमच्या शब्दावर आम्ही बेणं बदलतो, लागणीची तारीख ठरवतो. शब्द देण्याआधी तपासत जावा, एवढंच." त्या खानावळीला आम्ही बोल लावत नाही. तिकडे उसळीत मांस घालणे हीच रीत आहे. न विचारता शब्द आम्ही दिला. २०२३ साली पुन्हा जाण्याचा योग आला तेव्हा पानात पडलेला प्रत्येक पदार्थ विचारून पाहिला. येत्या ऑगस्टमध्ये नवा गट निघतो आहे, त्यासाठी ही माहिती देत आहोत.

निघण्यापूर्वी

व्हिसा लागतोच. त्याहून महत्त्वाची पीतज्वराची लस. ब्राझीलहून भारतात परतताना तिचे प्रमाणपत्र दाखवावे लागते, नाही तर विलगीकरणात ठेवतात. लस मान्यताप्राप्त केंद्रावरच, प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी घ्यावी. साठीच्या पुढच्या मंडळींनी आणि अंड्याची ॲलर्जी असलेल्यांनी आधी डॉक्टरांचा सल्ला घ्यावा.

त्या भागात गळीत एप्रिल ते नोव्हेंबर चालते, म्हणून आपले दौरे जून ते सप्टेंबरमध्ये असतात. तेव्हा तिकडे हिवाळा. दिवसा ऊन बरे, पण रात्री स्वेटरशिवाय निभत नाही. घड्याळ आपल्या साडेआठ तास मागे. पहिले दोन दिवस दुपारी झोप आणि मध्यरात्री भूक, असा प्रकार होतो. उशाशी शेंगदाण्याची चिक्की ठेवावी.

उतरावे कोठे?

विमान शहराबाहेर, मध्यापासून सुमारे पंचवीस किलोमीटरवर, ग्वारुल्योस येथे उतरते. दुसऱ्या दिवशी पहाटेचे विमान असेल तरच तिथल्या हॉटेलात राहावे. शहर पाहायचे, तर मुक्काम पाउलिस्ता हमरस्त्याच्या आसपास करावा. हा रस्ता शहराच्या उंच धारेवरून जातो, खालून भुयारी रेल्वे धावते आणि हॉटेले, खानावळी, बँका सगळे पायी अंतरावर आहे. लाल खांबांवर उचललेली कलासंग्रहालयाची १९६८ ची इमारत याच रस्त्यावर. रविवारी रस्ता मोटारींना बंद असतो. त्या दिवशी तिथे जत्रेसारखी माणसे हिंडतात.

बेताच्या खर्चात पाउलिस्तावरच आयबीसचे हॉटेल आहे. खोल्या लहान, पण स्वच्छ. लागूनच पाराईझो आणि व्हिला मारिआना या वस्त्या आहेत. त्याही भुयारी रेल्वेवर असून थोड्या शांत आहेत. जहाजाच्या आकाराचे हॉटेल युनिक किंवा जुन्या प्रसूतिगृहाच्या आवारात २०२२ साली उघडलेले रोझवुड ही श्रीमंती ठिकाणे. ती बाहेरून पाहून यावीत, पाहायला पैसे पडत नाहीत. जुन्या शहरमध्यात, से चौक आणि लुझ स्टेशनच्या बाजूला, दर स्वस्त दिसतात म्हणून भुलू नये. दिवसा तो भाग जरूर पाहावा, रात्री मुक्कामाला नको. आणि रस्त्यात उभे राहून मोबाईल काढू नये. सायकलवरून येऊन हातातला फोन हिसकावणारे तिथे आहेत.

खोली घेताना एक शब्द पाठ करावा. 'कझाल' म्हणजे जोडप्याची खोली, एकच मोठी खाट. 'सोल्तेइरु' म्हणजे ब्रह्मचारी. दोन सभासदांना एक खोली हवी असेल, तर 'दुआस कामास जी सोल्तेइरु', ब्रह्मचाऱ्याच्या दोन खाटा, असे सांगावे. आमच्या गटात हे न सांगितल्यामुळे दोन चेअरमन-पदाचे इच्छुक एका खाटेवर झोपले. सकाळी दोघांचे एकमत झाले होते, एवढाच फायदा.

स्वस्त ठिकाणी न्हाणीत पाणी तापवायची तार फवाऱ्याच्या डोक्यातच बसवलेली असते. पाणी चालू असताना फवाऱ्याला हात लावू नये. वीज बहुतेक ठिकाणी १२७ व्होल्टची. आपला भाताचा कुकर तिथे लावला, तर जेमतेम तिसरा हिस्सा ताकद मिळते. दुपारचा भात रात्री होतो. मोबाईलचा चार्जर चालतो, पण आपली तीन पायांची पिन बसत नाही. जोडपिन न्यावी.

बहुतेक हॉटेलांत सकाळची न्याहारी भाड्यातच धरलेली असते. पपई, अननस, कलिंगड, पाव, लोणी, चीज, केक, कॉफी. माळकऱ्यांनी सकाळी पोटभर खाऊन घ्यावे. दुपारची चिंता निम्मी मिटते.

जेवावे कोठे?

पहिली शिफारस 'पोर किलो' खानावळीची. काट्याचा विषय निघाला की आमचे सभासद लगेच सावध होतात, म्हणून नीट सांगतो. रिकामे ताट घ्यायचे, मांडलेल्या वीस-पंचवीस पदार्थांतून हवे ते वाढून घ्यायचे आणि ताट काट्यावर ठेवायचे. ताटाचे वजन वजा करून निव्वळ मालाचा हिशेब होतो, जसा आपल्याकडे भरल्या गाडीतून रिकामी गाडी वजा होते. चिठ्ठी मिळते, पैसे जाताना द्यायचे. भाव एकच, मग भात घ्या की पनीरसारखे चीज घ्या. म्हणून कलिंगड आणि भात यांनी वजन भरू नये. पदार्थ डोळ्यांसमोर असतात, ओळखता येतात, विचारता येतात. माळकऱ्यांना याहून बरी सोय नाही.

दुसरी शिफारस 'पादारिया', म्हणजे पावाची भट्टी. पहाटेपासून उघडी. तव्यावर लोणी लावून भाजलेला पाव आणि दुधाची कॉफी हा तिथला साधा, उत्तम नाश्ता. बऱ्याच ठिकाणी आत जाताना एक कार्ड देतात, जे खाल त्याची नोंद त्यावर होते. ते हरवल्यास दंड भरावा लागतो, तेव्हा पावतीसारखे जपावे. 'पाऊं जी केइझु' नावाचे कसाव्याच्या पिठाचे, चीज घातलेले गोळे फार रुचकर लागतात, पण त्यात अंडे असते.

तिसरी शिफारस पिझ्झाची. इटलीहून आलेल्या लोकांनी या शहराला पिझ्झाचे वेड लावले. ब्रास वस्तीत १९२४ पासूनचे कास्तेलोंईस आणि बिशिगा वस्तीत १९५८ पासूनचे स्पेरान्सा ही जुनी नावाजलेली ठिकाणे. नुसत्या चीज-टोमॅटोचा मागावा. अर्धा एक, अर्धा दुसरा असाही मिळतो. पिझ्झाची दुकाने बहुधा संध्याकाळनंतरच उघडतात. ब्रासला जाणे-येणे टॅक्सीने करावे.

मांसाहारी मंडळींसाठी 'रोदीझियु'. ठरावीक पैसे द्यायचे, वाढपी सळईवर भाजलेले मांस घेऊन फिरत राहतो, तुम्ही थांबवाल तेव्हाच थांबतो. मात्र त्यात गोमांसच प्रमुख असते. ज्यांना ते वर्ज्य, त्यांनी 'फ्रांगु' म्हणजे कोंबडी सांगावी. १९३३ सालच्या नगर बाजारात रंगीत काचांच्या खिडक्या आणि फळांचे ढीग पाहण्यासारखे आहेत. तिथले मॉर्टाडेलाचे जाडजूड सँडविच प्रसिद्ध, पण तेही मांसाचेच. एकंदर बाजारात कोणी हसून फळाची फोड चाखायला दिली, तर आधी भाव विचारावा, वजन पाहावे, मगच पिशवी उघडावी.

बिलात दहा टक्के सेवाशुल्क बहुधा धरलेले असते. वर वेगळी बक्षिसी देण्याची गरज नाही.

माळकऱ्यांसाठी खास

'सें कार्नी', म्हणजे मांसाशिवाय, एवढेच सांगून भागत नाही. तिकडे बोलण्यात 'कार्नी' म्हणजे मुख्यतः गोमांस. कोंबडी किंवा डुकराचा तुकडा म्हणजे 'कार्नी' नव्हे, असे समजून तो प्रामाणिकपणे वाढला जातो. म्हणून पूर्ण वाक्य म्हणावे, 'सें कार्नी, सें फ्रांगु, सें पेइशी, सें बेकों, सें ओव्हु'. मांस नको, कोंबडी नको, मासा नको, डुकराचे नको, अंडे नको. आणि उसळ दिसली की 'तें बेकों नु फेइझाऊं?' हे विचारल्यावाचून घास घेऊ नये. बुधवारी आणि शनिवारी तर 'फेइझुआदा' या डुकराचे मांस घातलेल्या काळ्या घेवड्याचा दिवसच असतो. सोमवारच्या 'विरादु' थाळीतही तीच गत. कोबीच्या जातीची 'कोव्ही' ही पालेभाजी चांगली लागते, पण तीही विचारून घ्यावी.

शब्दांची भीती बाळगू नका. पाव, बटाटा, काजू, चावी, साबण हे शब्द आपल्याकडे पोर्तुगीजांनीच आणले. हॉटेलच्या खिडकीशी 'शावी' म्हणालात, तर चावीच मिळेल.

उसाचा रस

आपल्या आठवडे बाजारासारखा तिथे प्रत्येक वस्तीत ठरलेल्या वारी रस्त्यावर बाजार भरतो. त्यात 'पास्तेल' तळणारी गाडी हमखास असते. मोठी, चपटी करंजीच म्हणा. चीजची किंवा 'पाल्मितु' म्हणजे ताडाच्या गाभ्याची घ्यावी, मात्र तेल मांसाच्या पास्तेलाचेच असते हे कडक पाळणाऱ्यांनी ध्यानात ठेवावे. आणि तिच्याबरोबर प्यायचा असतो उसाचा ताजा रस, लिंबू पिळून. नाव 'कालदु जी काना'.

ब्राझीलच्या या किनाऱ्यावर ऊस रुजवला मार्टिम अफोन्सो द सोउझा या पोर्तुगीज सरदाराने, १५३२ च्या सुमारास, साव व्हिसेंत येथे. हाच गृहस्थ पुढे १५४२ ते १५४५ या काळात गोव्यात गव्हर्नर होता. मिरची, पपई, पेरू, काजू तिकडून इकडे आले आणि आशियातला ऊस तिकडे गेला. ताटाचा हिशेब असा फिटंफाट आहे.

२०१८ साली उपाशीपोटी हिंडणाऱ्या आबांना आम्ही अशाच एका गाडीपाशी नेले होते. दोन पेले रस त्यांनी घेतला. मग चरकाखाली पडलेले चिपाड उचलले, दोन्ही हातांनी पिळले, थेंब पडलेला पाहिला आणि म्हणाले, "रस राहतोय अजून. चरक ढिला आहे यांचा." सहा दिवसांत तेव्हढेच एकदा ते मोकळे बोलले. तो रस गोड होता, पण आमच्या घशाखाली उतरला नाही.

एक सक्त सूचना

पिरासिकाबाचे ऊस संशोधन केंद्र किंवा रिबेराव प्रेतोची शेते पाहताना एखादी जात मनात भरेल. तरी उसाची एकही कांडी, एकही डोळा खिशात घालून आणू नये. परवान्याशिवाय बेणे आणणे कायद्याने गुन्हा आहे, आणि एका कांडीबरोबर आलेला रोग सगळ्या गटाचा ऊस घालवू शकतो. जातानाही बी-बियाणे, ताजी फळे, तूप, खवा नेऊ नये. कोरडी चटणी, मेतकूट पाकीटबंद न्यावे आणि विचारल्यास खरे सांगावे. ऑगस्टमध्ये सेर्ताउझिन्यूला साखर यंत्रांचे प्रदर्शन, फेनासुक्रो, भरते. त्या दिवसांत रिबेराव प्रेतोत खोली मिळत नाही, म्हणून आपल्या गटाच्या खोल्या आताच धरायच्या आहेत. पैसे मुदतीत भरावेत.

यंदाच्या गटात आबांची सून आहे. सभासद म्हणून, स्वतःच्या नावावरच्या उसाच्या जोरावर ती जाते आहे. तिच्याही गळ्यात माळ आहे. नाव नोंदवायला आबा तिला घेऊन गट कार्यालयात आले होते. आम्ही उठून उभे राहिलो. ते बसले, चहा घेतला आणि जाताना सुनेला म्हणाले, "साहेबांनी सांगितलं तरी तू एकदा विचारूनच घे."

आबांचे म्हणणे बरोबर आहे. दौऱ्यावर जाणाऱ्या सर्वांनी वरची दोन वाक्ये पाठ करावीत. निघण्याच्या आठ दिवस आधी गट कार्यालयात बैठक होईल. तेथे आम्ही ती प्रत्येकाकडून म्हणवून घेणार आहोत.

कळावे.

— ऊस विकास अधिकारी