साडेआठशे किलोमीटर, पावणेदोन तास

बार्सिलोनाचा एल प्रात विमानतळ ते रोमचा फ्युमिचिनो विमानतळ हे हवाई अंतर सुमारे ८५० किलोमीटर. एअरबस ए ३२० किंवा बोइंग ७३७ ही विमानं उंचावर ताशी ८३० किलोमीटरच्या आसपास वेगाने जातात. हिशेब तासाभराचा होतो. तिकिटावर मात्र पावणेदोन तास किंवा थोडे अधिकच दिसतात. वरचा पाऊण तास जातो कुठे?

बराचसा जमिनीवर आणि जमिनीजवळ. वेळापत्रकातलं घड्याळ चाकांचे ठोकळे काढले की सुरू होतं आणि रोमला ते पुन्हा लागले की थांबतं. विमान मागे ढकलणं, धावपट्टीपर्यंत हळूहळू जाणं, रांगेत थांबणं, सगळं त्यात आलं. उड्डाणानंतरही १०,००० फुटांपर्यंत वेग साधारण २५० नॉटच्या, म्हणजे ताशी ४६३ किलोमीटरच्या आत ठेवतात. उतरताना वैमानिकांचा आडाखा असा, की दर हजार फुटांना तीन सागरी मैल हवेत. ३६,००० फुटांवरून यायचं तर १०८ सागरी मैल, म्हणजे २०० किलोमीटर आधीच सुरुवात करावी लागते. कॉर्सिकाचा पूर्व किनारा मागे पडतो न पडतो, तोच इंजिनांचा आवाज मंदावतो, कानांत दडे बसल्यासारखं होतं. खाली अजून समुद्रच असतो. पूर्ण वेगाचा प्रवास उरतो तो मधल्या टप्प्यापुरता.

आता वारा. भूमध्य समुद्रावर त्या उंचीला वारे बहुधा पश्चिमेकडून वाहतात. हिशेबासाठी विमानाचा वेग ताशी ८५० आणि वारा १०० किलोमीटर धरू. रोमकडे जाताना तो पाठीशी असतो, ८५० किलोमीटर ५४ मिनिटांत होतात. परतताना तोच तोंडावर येतो आणि ६८ मिनिटं लागतात. जाताना मिळालं ते येताना गेलं, हिशेब फिटला, असं वाटेल. पण बेरीज १२२ भरते. वारा नसता तर १२० झाली असती. कारण विमान उलट्या वाऱ्यात जास्त वेळ राहतं, सुलट्यात कमी. हे इतकं साधं गणित, पण मला ते फार सुंदर वाटतं. वारा एकसारखा वाहत राहिला, तर जाऊन-येऊन तो नेहमी थोडा वेळ खातोच.

एक गोष्ट मात्र सोपी. रोम पूर्वेला दहा रेखांशांवर असल्याने, ऋतूनुसार थोडाफार फरक धरूनही, तिथे सूर्य सुमारे चाळीस मिनिटं आधी उगवतो, तरी दोन्ही शहरांची घड्याळं एकच वेळ दाखवतात. स्पेनने १९४० साली मध्य युरोपची वेळ स्वीकारली, ती आजही चालू आहे. अथेन्सचं घड्याळ मात्र एक तास पुढे असतं. बार्सिलोनाहून तिथे जाणार असाल, तर तिकिटावरच्या वेळांच्या वजाबाकीतून तो तास काढून टाका.