वाफशाचे दिवस: शरदातील सामायिक बाग

बागकामावरील इंग्रजी पुस्तकांत शरद ऋतू हा आवराआवरीचा काळ मानलेला असतो, कारण त्या देशांत त्यानंतर येणारा हिवाळा जमीन गोठवून टाकतो आणि माळ्याला चार महिने घरात बसवतो. महाराष्ट्राच्या पठारावर, म्हणजे पुणे, सातारा, नाशिक या पट्ट्यात, परिस्थिती नेमकी उलटी असते. नैर्ऋत्य मोसमी पाऊस ऑक्टोबरच्या पूर्वार्धात माघारी फिरतो, आकाश निवळते, आणि पालेभाज्या, मुळे, कंद व बहुतेक हंगामी फुले यांना मानवणारा थंडीचा काळ समोर उभा राहतो. अश्विन आणि कार्तिक हे शरदाचे दोन महिने त्यामुळे येथे पेरणीचे महिने ठरतात. गृहनिर्माण संस्थेच्या आवारात, एखाद्या गच्चीवर किंवा मोकळ्या भूखंडावर दहा-पंधरा कुटुंबांनी मिळून चालवलेल्या बागेत या काळाला आणखी एक महत्त्व असते. पावसाळ्यात पाऊस सर्वांच्या वाफ्यांना भेदभाव न करता पाणी देतो, म्हणून भागीदारीची कसोटी लागत नाही. पाऊस थांबला की प्रत्येक रोपाचे पाणी कोणाच्या तरी हातून यावे लागते, आणि बाग खरोखर सामायिक आहे की केवळ एकाच जागी आहे, हे दिसू लागते.

शरदातील पहिले काम म्हणजे थांबणे, आणि उत्साही सभासदांना तेच सर्वांत अवघड जाते. पठारावरील काळी माती बेसाल्ट खडकाच्या झिजेतून बनलेली, चिकणमातीचे प्रमाण अधिक असलेली असते. ओली असताना ती कुदळीला चिकटते, तशीच उकरली तर तिची ढेकळे बनतात, आणि पूर्ण वाळू दिली तर ती भेगाळून दगडासारखी होते. या दोन टोकांच्या मधल्या अवस्थेला शेतकरी वाफसा म्हणतात: जास्तीचे पाणी निचरून गेलेले असते, मातीच्या बारीक पोकळ्यांत ओल आणि मोठ्या पोकळ्यांत हवा असते, त्यामुळे मुळे आणि जिवाणू दोघांनाही श्वास घेता येतो. मूठभर माती दाबून केलेला गोळा कमरेच्या उंचीवरून सोडल्यावर फुटून विखुरला, तर वाफसा आला असे समजावे. गोळा नुसता चपटा झाला, तर आणखी दोन दिवस वाट पाहावी. हस्त नक्षत्राचा गडगडाटी पाऊस अनेकदा हा हिशेब बिघडवतो आणि नुकतीच केलेली पेरणी वाहून नेतो, म्हणून घाईने साधत काहीच नाही.

वाफशाची वाट पाहताना उपटण्याची कामे मात्र उरकता येतात. पावसाळ्यात माजलेल्या तणांपैकी गाजर गवत फुलण्याआधी काढणे अत्यावश्यक असते, कारण त्याचे एकेक झाड हजारो बिया टाकते. भारतात 1950च्या दशकात पुण्यातच प्रथम लक्षात आलेले हे तण अनेकांच्या त्वचेला खाज आणते, त्यामुळे हातमोजे घालूनच त्याला हात लावावा आणि फुललेली झाडे खताच्या ढिगात मुळीच टाकू नयेत. दोडका, काकडी, कारले यांचे वेल या सुमारास थकलेले असतात. कोरडे दिवस आणि दवाच्या रात्री यांमुळे पानांवर पिठासारखी पांढरी भुरी, हा बुरशीजन्य रोग, पसरते, आणि असे वेल ठेवण्यात अर्थ नसतो. एखादे घोसाळे किंवा दोडका वेलावर पूर्ण वाळू द्यावा, म्हणजे पुढच्या वर्षाचे बी आणि अंग घासायची घोसाळी, दोन्ही मिळतात.

वादाचा विषय ठरतो तो वालाचा किंवा पावट्याचा वेल. जूनमध्ये लावलेला हा वेल मांडवभर पसरतो, शेजारच्या वाफ्यावर सावली टाकतो, आणि सप्टेंबर संपला तरी एक फूल दाखवत नाही. मग बैठकीत तो वांझ असल्याचा निवाडा होतो. वास्तविक या पिकाचे जुने स्थानिक वाण प्रकाशावधीला, म्हणजे दिवसाच्या उजेडाच्या लांबीला, प्रतिसाद देतात. दिवस आखूड आणि रात्री लांब होऊ लागल्यावरच त्यांना फुले येतात, आणि ऑक्टोबरात उपटलेला वेल हा बहुतेक वेळा फुलण्याच्या तोंडावर आलेला वेल असतो. शेवंतीचेही असेच आहे. आवारातील दिव्याच्या थेट उजेडात ठेवलेल्या शेवंतीच्या कुंड्या निरोगी असूनही कळ्या धरण्यास उशीर करतात, कारण त्या झाडांच्या दृष्टीने लांब रात्र झालेलीच नसते. कुंड्या अंधाऱ्या कोपऱ्यात हलवणे एवढाच त्यावर उपाय असतो. खत वाढवण्याआधी दिवा कोठे आहे ते पाहावे, ही सूचना कोणत्याही सामायिक बागेच्या फलकावर लावण्याजोगी आहे.

वाफ्यांत घालायच्या खताचा विचार मात्र शरदात करून चालत नाही. युरोपातील पानगळ शरदात होते, तर आपल्याकडील बहुतेक झाडे साधारण फेब्रुवारी-मार्चमध्ये पाने टाकतात, आणि ती पाने तेव्हाच साठवावी लागतात. कोल्हापूरचे श्री. अ. दाभोळकर यांनी प्रयोग परिवाराच्या कामातून या सुक्या पानांचा जो उपयोग रूढ केला, तो सामायिक बागांच्या वेळापत्रकाशी विलक्षण जुळतो. मुळात गणिताचे प्राध्यापक असलेल्या दाभोळकरांनी शेतकऱ्यांना आणि शहरी बागप्रेमींना आपापल्या जागेत प्रयोग करून एकमेकांशी पडताळून पाहण्याची सवय लावली, आणि पाच माणसांच्या कुटुंबाला दहा गुंठे जमीन पुरू शकते असा हिशेब मांडला. त्यांच्या पद्धतीतील अमृतमाती तयार करण्यासाठी शेण, गोमूत्र आणि थोडा गूळ पाण्यात तीन दिवस आंबवून, ते दहापट पाण्यात मिसळून त्यात पाने भिजवतात, मातीच्या पातळ थरांसह त्यांचा ढीग रचतात, तो महिनाभर अधूनमधून उलथतात, मग त्यावर धान्ये, कडधान्ये व भाज्यांचे मिश्र बी पेरून 21, 42 आणि 63 दिवसांनी येणारी हिरवी वाढ कापून त्याच मातीत मिसळतात. या सगळ्याला साडेचार महिन्यांच्या आसपास काळ लागतो, म्हणजे मार्चमध्ये रचलेला ढीग पावसाळ्याच्या उत्तरार्धात हाताशी येतो. पाने जाळणाऱ्या संस्थेला ऑक्टोबरात पोत्याने खत विकत घ्यावे लागते, हा त्या धुराचाच एक हिशेब होय.

आता पाण्याकडे. धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम यांसारख्या नद्यांवर काही शतके चालत आलेली फड पद्धत या बाबतीत अभ्यासण्याजोगी आहे. बंधाऱ्याखालील जमिनीचे काही मोठे भाग, म्हणजे फड, पाडलेले असतात. प्रत्येक फडात त्या हंगामात साधारणतः एकच पीक घेतले जाते, आणि लाभधारकांनी नेमलेला पाटकरी ठरल्या पाळीने पाणी सोडतो. एका फडातील सर्व पिकाची तहान सारखीच असल्याने कोणाला जास्त, कोणाला कमी हा प्रश्न पुष्कळ अंशी सुटतो. शहरी बागांत सहसा याच्या उलट घडते: प्रत्येक कुटुंबाला एक वाफा मिळतो, त्यात मेथीशेजारी निशिगंध आणि त्याशेजारी कोरफड असते, आणि ज्याची पाळी असेल तो सर्वांना सारखेच पाणी घालतो, त्यामुळे कोरफड कुजते आणि मेथी वाळते. वाफे मालकीनुसार पाडण्यापेक्षा पाण्याच्या गरजेनुसार पाडावेत, पालेभाज्या एकत्र, फळभाज्या एकत्र, फुलझाडे वेगळी, आणि कुटुंबांनी कामाची वाटणी करावी, हे अधिक शहाणपणाचे वाटते, मग ‘आमचा वाफा’ म्हणण्याचे सुख थोडे कमी झाले तरी चालेल. ऑक्टोबरच्या कडक उन्हात गवताचे किंवा पाचोळ्याचे दोन बोटे जाडीचे आच्छादन पसरले, तर पाळी चुकवणाऱ्यांचा दोषही बराच झाकला जातो.

पेरणीबद्दल थोडक्यात सांगता येते: मेथी, पालक, मुळा थेट पेरावेत, धणे रगडून दोन डाळी करून रात्रभर भिजवावेत, लसणाच्या पाकळ्या टोक वर ठेवून लावाव्यात, आणि कोबी, फ्लॉवर, टोमॅटो यांची रोपे संध्याकाळी लावावीत. जुने बी असेल, तर ओल्या फडक्यात दहा दाणे गुंडाळून किती उगवतात ते आधी पाहावे. नवरात्रात घटाभोवतीच्या मातीत पेरलेले धान्य हीच चाचणी घरोघर करून दाखवत असते. फुलांमध्ये गुलाबाची छाटणी याच महिन्यात करतात, ती बाहेरच्या बाजूस वळलेल्या डोळ्याच्या किंचित वर तिरका काप देऊन, आणि कापावर मोरचूद व चुन्याची बोर्डो पेस्ट लावून. नवी फुले साधारण दीड-दोन महिन्यांनी येतात. दसऱ्याला तोडलेल्या झेंडूची झाडे फेकू नयेत. त्याच्या मुळांतील द्रव्ये जमिनीतील सूत्रकृमींना, म्हणजे भाजीच्या मुळांवर गाठी आणणाऱ्या सूक्ष्म जंतांना, मारक ठरतात. अर्थात कडेला लावलेल्या चार झाडांनी फारसे काही साधत नाही, वाफाभर झेंडू घेऊन तो तेथेच गाडला तर उपयोग होतो, आणि त्याच वाफ्यात पुढे टोमॅटो लावावेत.

या कष्टांबरोबर शरदाचे उपभोगही येतात, आणि ते सामायिक बागेत अधिक रंगतात. भोंडल्याचे दुसरे नाव ज्या झाडावरून आले, तो हादगा याच दिवसांत फुलतो, आणि त्याच्या पांढऱ्या फुलांतील कडवट केसर काढून केलेली भजी फेर संपल्यावरच्या खिरापतीत कोणालाही सहज ओळखता येत नाहीत. पहाटे पारिजातकाखाली पडलेली फुले वेचण्याचा हक्क मात्र सगळीकडेच वादग्रस्त असतो. कार्तिकात तुळशीच्या लग्नाला आवळे आणि ऊस लागतात, आणि आवारात आवळ्याचे झाड असलेल्या संस्थेची ऐट त्या दिवशी पाहण्यासारखी असते.

अनुभवी बागांमध्ये ऑक्टोबरचे वेळापत्रक जानेवारीकडून मागे मोजत आखले जाते. संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या मिसळीच्या भाजीत गाजर, वांगी, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे आणि पावटा एकत्र पडतात. यांपैकी गाजराला सुमारे तीन महिने लागतात, म्हणून ते दसऱ्याच्या मागेपुढे पेरले जाते, वाटाणा व हरभरा त्यानंतरच्या पंधरवड्यात, वांगी तर पावसाळ्यातच लावलेली असतात, आणि पावटा आणायचा तो बैठकीत वांझ ठरवलेल्या, पण कोणीतरी आग्रहाने राखलेल्या वेलावरून.